डोईखालची गोधडी

बायकोच्या शिलाई मशीनला आयुष्यभर मी तेल घातलं, त्यामुळे मला ते चालवताही येतं असं माझं मत होतं. मत माझं असल्यामुळे घरात त्याला कुणी आडवं आलं नाही.

माझं शिक्षण चौथी. पाचवीत गुरुजींचं आणि माझं पटेना, तेव्हा दोघांपैकी एकाने शाळा सोडावी हे बरं, असा विचार करून मी सोडली. पुढे चिंचवडला एका कारखान्यात टर्नर झालो. लेथवर लोखंडाचा दांडा फिरत असतो, आपण हत्यार टेकवायचं आणि जास्तीचं लोखंड तासून काढायचं. माझ्या हाताखालून गेलेला दांडा साहेबाने परत मोजला, तर मी त्या दिवशी साहेबाशी बोलत नसे. मग कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारा लेथ आला. एक इस्त्रीच्या शर्टातला मुलगा त्याची बटणं दाबायचा. मला म्हणाले, तुम्हीही शिकून घ्या. मी म्हणालो, "मशीन मला शिकवणार असेल तर मी घरी बसतो." (हे मी रागाने बोललो होतो. त्यांनी ते स्वेच्छानिवृत्ती म्हणून लिहून घेतलं.)

गंमत अशी, की त्याच सुमारास आमच्या वैशालीला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली. ज्या डब्याने बापाला घरी बसवलं, त्याच डब्याने पोरीला खुर्ची दिली. आता राग धरायचा तर कुणावर आणि किती, हे मला नीट ठरवता येईना. पुढे तिचं लग्न झालं, जावई अमेरिकेला गेले, आणि ती पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे, नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत आली. बाळ थोडं मोठं झालं की दोघं तिकडे जाणार होती.

माझी बायको सुमन लोणी काळभोरची. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या कपड्यांतलं एकच लुगडं सुमनने ट्रंकेत जपून ठेवलं होतं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं, की हातात घेतलं तर घेतल्यासारखं वाटत नसे. या लुगड्याची गोधडी शिवायची आणि ती बाळाबरोबर अमेरिकेला जायची, एवढी एकच सुमनची इच्छा होती. एरवी ती टाके घालायला बसली असती तर आठवड्याने उठली असती. पण तिची बोटं आखडली होती. सुईवर मिटतच नव्हती. "शेजारच्या वहिनींना देते शिवायला," असं ती म्हणत होती, आणि तसं झालं असतं तर मला हे लिहायची वेळ आली नसती.

पण त्याच आठवड्यात व्याही आले. कोथरूडचे, बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य गृहस्थ. (सभ्य माणसाशी भांडता येत नाही हा त्यांचा मोठा दोष.) चहा पिता पिता म्हणाले, "हल्ली बाळासाठी फार छान तयार दुलया मिळतात. मऊ, हलक्या. आम्ही एक घेऊनच ठेवतो."

मी म्हणालो, "आमच्याकडे विकतची चालत नाही. गोधडी घरी होते. बारशाला बघालच."

"वा. वहिनी शिवतात वाटतं?"

"वहिनी कशाला? मी शिवतोय."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. सुमन एरवी पुणेरी बोलते, पण रागावली की तिची भाषा लोणीला जाते. व्याही जिना उतरले आणि ती बाहेर आली.

"आवं, कवा शिवलीया का तुमी गोधडी?"

"लोखंड तासलंय मी. कापड काय मोठं?"

"लोखंड दुकानात मिळतंय. माझ्या आईचं लुगडं येकच हाय. कातर लावताना ध्यानात ठिवा."

मी ध्यानात ठेवलं. पुढे जे झालं ते पूर्ण ध्यानात ठेवून झालं.

सुमनच्या दोन जुन्या साड्या खाली, वर लुगडं, असे थर अंथरले. पलंगावर पसरून उरेल एवढी ऐसपैस गोधडी होणार होती. मशीनवर घेतली आणि पायडल मारलं. मशीन छान पळालं. पण शिवण संपली तेव्हा खालच्या साड्या संपल्या होत्या आणि वरचं लुगडं वीतभर शिल्लक होतं. पुन्हा शिवलं, पुन्हा तेच. मग डोळ्यांवर चष्मा चढवून नीट बघितलं. सुईच्या दोन्ही बाजूंनी कापड दाबून धरणारा जो लोखंडी तुकडा असतो, त्याला फूट म्हणतात. खालचे दाते खालचं कापड पुढे नेतात, आणि वरचं कापड हा फूट अडवून धरतो. कापड एकच पदरी असेल तर दोघांचं जमतं. थर वाढले की खालचा जातो पुढे आणि वरचा राहतो मागे. (आमच्या घरात मी आणि वैशाली असंच चालत आलो आहोत, पण तो विषय वेगळा.)

तेव्हा दोष माझा नव्हता, फूटचा होता. मला हलकं वाटलं. सुट्या भागांचं दुकान रविवार पेठेत. दुकानदार काउंटरमागे पेपर वाचत होता.

"फूट बघू," मी म्हणालो.

"मशीन कोणतं?"

"काळं."

"सगळीच काळी असतात." त्याने पेपर खाली ठेवला नाही. "शिवायचंय काय?"

"गोधडी."

आता मात्र पेपर खाली आला. त्याने काचेवर एकेक फूट मांडला. एक साधा. एक चेन शिवायचा, अर्धाच पाय असलेला. एक काठ दुमडायचा, पुढे गोगलगाईसारखा वळलेला. एक छोटी चाकं लावलेला, रेक्झीनवर चालणारा. शेवटी डबीतून एक बोजड प्रकरण काढलं. त्याला बाजूने एक दांडी होती आणि पोटाखाली स्वतःचे दाते.

"हा चालता फूट. वरचं कापडही खालच्याबरोबर पुढे नेतो. गोधडीला हाच लागतो. शिवणार कोण आहे?"

"मी."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग फूटकडे बघितलं, आणि फूट परत डबीत ठेवला. "मग राहू द्या. बसवायला जरा डोकं लागतं."

आता सांगा, यानंतर तो फूट मी घेणं शक्य होतं का? मी छाती काढून म्हणालो, "तो नकोच मला. चाकाचा द्या. चाकाचं मला शिकवू नका. आणि तो अर्ध्या पायाचाही द्या."

"गोधडीला चेन लावणार आहात?"

"तुम्ही बांधून द्या."

त्याच दुपारी वैशालीला कळा सुरू झाल्या. ती आणि सुमन दवाखान्यात गेल्या, संध्याकाळी नात झाली, आणि त्यांचा मुक्काम तिकडेच लांबला. मी सकाळ-संध्याकाळ डबा पोचवायचा, आणि मधल्या वेळात घरात मी, मशीन आणि सासूबाईंचं लुगडं. कुणीतरी मला अडवायला हवं होतं. पण आनंदाच्या वेळी माणसं बेसावध असतात.

चाकाच्या फूटने जुनं कापड चाकात घेतलं आणि चावलं. ते सोडवताना लुगड्याचा एक कोपरा गेला. गेला म्हणजे मी तो सरळ कापून टाकला. अर्ध्या पायाच्या फूटने एकाच बाजूला दाब दिला, तेव्हा गोधडी तिरकी व्हायला लागली, चौकोनाचा पतंग झाला. मी गुण्या लावला, काटकोन आखला आणि जास्तीचं कापलं. मग विचार केला, एका बाजूने शिवत गेलं की वरचं कापड शेवटी उरतं ना, तर दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत शिवू. अक्कल चांगली होती. दोन्हीकडची ढिलाई मधोमध जमली आणि गोधडीला पोट आलं. शेटजीचं असतं तसं, चांगलं गरगरीत. ते दाबून बघितलं, त्यावर बसून बघितलं. शेवटी पोटाच्या दोन्ही अंगांनी कापून उरलेलं जोडलं.

दवाखान्यात सुमन विचारायची, "कुठवर आली?"

"आकार घेतेय."

"मोठी करा बरं का. पोरगी वाढेल तिकडे."

खाटेवरून वैशाली म्हणाली, "बाबा, ऑफिसमध्ये मी इंटरनेटवर वाचलं होतं. त्याला वेगळा फूट लागतो. वॉकिंग फूट म्हणतात. मिळतो का बघा ना."

झालं. एकटा दुकानदार म्हणाला होता तोवर निदान आशा होती. आता दुकानदार, पोटची पोर आणि इंटरनेट अशा तिघांनी एकच सांगितल्यावर तो फूट घेणं मला कायमचं बंद झालं. मी म्हणालो, "तू बाळाकडे बघ. माझं होत आलंय."

होत आलं होतं हे खरंच. दर शिवणीला ते थोडं थोडं संपत आलं होतं. ज्या दिवशी दोघी घरी यायच्या, त्या सकाळी मी गोधडी पलंगावर पसरली आणि पहिल्यांदाच लांब उभं राहून बघितली. शिवण सुरेख होती. कोपरे काटकोनात होते. आणि भोवताली सगळीकडे पलंग दिसत होता.

तेव्हा मी खुर्ची ओढून बसलो. लेथवर जन्म गेला माझा. तिथे चूक झाली की उपाय एकच, अजून थोडं तासायचं. वाकडं असेल तास, खडबडीत असेल तास. दांडा बारीक झाला तर भट्टीत टाका, कारखाना दुसरा आणतो, लोखंडाला तोटा नाही. सगळ्या गोष्टींना मी हाच उपाय करत आलो होतो. नोकरीचं पटलं नाही, सोडली. माणसांचं पटलं नाही, बोलणं कमी केलं. प्रत्येक वेळी काटकोन बरोबर जमायचा, हे मी अभिमानाने सांगत असे. उरलं किती, हे कधी लांब उभं राहून बघितलं नव्हतं. लोणीची एक म्हातारी आयुष्यभर ते लुगडं नेसली, सुमनने इतकी वर्षं ते जपलं, आणि मी एका आठवड्यात त्याचा रुमाल करून ठेवला.

सुमन घरात आली. हात धुतले. गोधडी उचलली, उलटी करून बघितली, गालाला लावली. मी तिच्या लोणीच्या भाषेची वाट बघत होतो. आली असती तर बरं वाटलं असतं.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही," ती अगदी पुणेरीत म्हणाली. मग गोधडीची घडी घालत म्हणाली, "आई बुटकीच होती."

बारशाला कोथरूडची मंडळी आली. व्याह्यांच्या हातात मऊ, हलकी, निळी दुलई होती. पाळणा म्हटला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, आणि व्याही माझ्याकडे वळले. मी खिडकीतून समोरच्या इमारतीचं बांधकाम बघत होतो. तिथे त्या दिवशी काम बंद होतं, तरी बघत होतो.

"मग, तुमची ती गोधडी?"

सुमनने घडी आणली. घडी म्हणजे एकच घडी, दुसरी बसतच नव्हती. विहीणबाईंनी उलगडली आणि पुढची घडी उलगडायला शोधू लागल्या.

"एवढीच?"

"एवढीच असते," सुमन म्हणाली. आवाज इतका शांत की मीही ऐकू लागलो. "ही डोईखालची. आमच्या लोणीकडं पहिलं लेकरू झालं की आज्याने डोईखालची शिवायची. पणजीच्या लुगड्याची. अंगावरची काय, कुणीही देतं."

माझी सासुरवाडी लोणीची. तिथल्या सगळ्या रीती मी जेवून, नाचून, रुसून पार पाडल्या आहेत. ही रीत मी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकली.

विहीणबाईंनी ती बाळाच्या डोक्याखाली सरकवली. बाळाने मान वळवली, गाल लुगड्यावर टेकला आणि डोळे मिटले. विहीणबाई मागे पडायला नको म्हणून म्हणाल्या, "आमच्याकडेही होती हो ही पद्धत पूर्वी. हल्ली कुणी पाळत नाही." व्याही मला म्हणाले, "मानलं तुम्हाला." मी मान हलवली. बोलायला तोंड नव्हतं, आणि जे होतं ते घुगऱ्यांनी भरलेलं होतं.

रात्री मी सुमनला म्हणालो, "खोटं कशाला बोललीस?"

"खोटं काय? आता हाय की रीत."

आणि तिचं खरं झालं. विहीणबाईंनी कोथरूडमध्ये सांगितलं, वैशालीने ऑफिसात सांगितलं. तिच्या मैत्रिणींची बाळंतपणं एकामागून एक आली, आणि प्रत्येक घरातून कुणाची तरी जुनी साडी पिशवीत घालून आमचा जिना चढू लागली. काका, आमच्या बाळालाही एक डोईखालची. अमेरिकेला गेल्या, बंगलोरला गेल्या, एक जर्मनीला गेली म्हणतात. काटकोनाचं फार कौतुक होतं. एवढं छोटं, एवढं नेटकं काम तुम्ही करता तरी कसं, असं विचारतात. मी सांगतो, त्याला हात लागतो.

खरं कुणाला सांगत नाही. तो चालता फूट मी अजून घेतलेला नाही, आणि प्रत्येक वेळी शिवायला घेतो ती मोठीच.