न्यू उल्मचा श्ट्रोम आणि बाबांचं तिकीट

"परतीचं तिकीट अलीकडचं करून दे," महिनाभरातच बाबा म्हणाले. आई गेल्यावर सांगलीहून एकटेच अमेरिकेत, आमच्या ईडन प्रेरीला आलेले, निवृत्त संस्कृत शिक्षक. मला सातवा महिना. बाळ येईपर्यंत बाबा हवेच होते मला! पण मी आणि नवरा निखिल दिवसभर ऑफिसात, ते बोलणार कुणाशी? शेवटी शनिवारी निखिलने गाडी काढली. "चला बाबा, नदी बघायला."

न्यू उल्म हे जर्मन वस्तीचं टुमदार गाव. हायवे १६९ने सेंट पीटरपर्यंत जा, मग पश्चिमेला वळा. दोन तास धरा, दोन्हीकडे नुसता मका. गावात प्रेट्झेल, म्हणजे पीळ दिलेला खारा पाव, जरूर खा, दोन डॉलरात ताटलीएवढा मिळतो. बाबांनी मोहरीच्या चटणीला लावून खाल्ला आणि चक्क "बरा आहे" म्हणाले!

गावाबाहेर मिनेसोटा नदी. नदी दिसली की पाणी डोळ्यांना लावायचं, हा बाबांचा नेम. मी "अहो थांबा" म्हणेपर्यंत स्वारी चपला काढून गुडघाभर पाण्यात, आणि पाय सरकला! काठावर गळ टाकून बसलेले एक गोरे आजोबा "श्ट्रोम! श्ट्रोम!" ओरडत धावले आणि त्यांनी मनगट धरून बाबांना बाहेर ओढलं.

"घाबरलो की माझ्या आजीचं जर्मन बाहेर येतं," ते हसत इंग्रजीत म्हणाले. "श्ट्रोम म्हणजे मोठी नदी. पाण्याची ओढ तीही श्ट्रोम, आणि तारेतली वीजसुद्धा."

बाबांच्या पँटीतून पाणी गळतंय, आणि चेहरा असा खुललेला! "अगं, हा तर आपला स्रोत! स्रु म्हणजे वाहणं, मूळ एकच. यांनी मध्ये त घुसवलाय, माझ्या नववीच्या पोरांसारखा! तीस वर्षं लाल पेनाने खोडला गं त्यांच्या 'स्त्रोत'मधला तो त!"

हे सगळं बाबांनी आजोबांना इंग्रजीत पुन्हा ऐकवलं. दोघे म्हातारे एकमेकांना टाळ्या देत तासभर खिदळत होते. "यार, आता यांना उठवायचं कोणी?" निखिल कुजबुजला. मी इतकी हसले की बाळाने लाथ मारली.

घरी काय आलं? चिखलाची पँट, दोनदा धुतली तरी डाग तसाच. आणि सोमवारी लायब्ररीतून बाबांनी आणलेला जाडजूड जर्मन शब्दकोश.

"तीन आठवड्यांत परत करायचा म्हणे," ते कुरकुरले.

"रिन्यू करता येतो, बाबा. कितीदाही."

"मग करत राहा," पान उलटत बाबा म्हणाले. तिकिटाचं नाव नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले.