लक्ष्मीआक्का ऐकत होती

"बाळ कसलं, गाठ आहे ही. सांगून पटेना बाईला," असं म्हणत आमच्या सर्जननी चाकूसाठी हात पुढे केला. मी टेबलाच्या डोक्याकडे इथरची बाटली घेऊन बसलो होतो. बाईच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघालं आणि कानाकडे ओघळलं.

"सर, थांबा."

"का? हलत तर नाही."

"भूल उथळ आहे. ती ऐकत असेल."

ही गोष्ट बेळगावातली, दुसरं महायुद्ध चालू असतानाची. माझं काम भूल द्यायचं. हल्ली म्हणे मेंदूच्या लहरी कागदावर उमटतात आणि भूल किती खोल गेली ते त्यावरून कळतं. आमच्याकडे नाकातोंडावर जाळीचा मास्क, त्यावर कापड आणि त्यावर थेंब थेंब इथर. आतल्या मेंदूचा अंदाज बाहेरून घ्यायचा. श्वास बघायचा, नाडी बघायची, डोळे बघायचे. भूल कमी असली तर डोळ्यांत पाणी येतं. फार झाली तर डोळे कोरडे पडतात, आणि मग श्वासही थांबू शकतो. पेशंटला या दोन्हींच्या मधे धरून ठेवायचं.

टेबलावरची ती बाई, लक्ष्मीआक्का, जांबोटीकडची. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. मग पोट वाढू लागलं. शेजारणींनी कौतुकानं ओटी भरली. दिवस उलटून गेले तरी कळा येईनात, उलट दम लागायला लागला. तेव्हा तिचा नवरा नागोजी तिला बैलगाडीत घालून घेऊन आला. अंडाशयाची गाठ आहे, असं आम्ही सांगितलं तेव्हा ती हसली होती. "न्हाय डाक्टर, पोर हाय माझं. हलतंय की."

मी तिच्या पापणीला हलकेच बोट लावलं. पापणी फडफडली. सर्जननी पुढे केलेला हात मागे घेतला.

मी तिच्या कानाशी वाकलो. "आक्का, मी हितंच हाय. भिऊ नगा."

पुन्हा थेंब सोडत राहिलो. हळूहळू श्वास एका लयीत आला. पापणी निवांत झाली.

"आता घ्या, सर."

गाठ लई मोठी होती. ती निघाली तसा पोटातला दाब एकदम उतरला आणि नाडी माझ्या बोटाखाली दोऱ्यासारखी बारीक झाली. मी मास्क काढला, हनुवटी वर उचलून धरली, टेबलाची डोक्याकडची बाजू खाली करायला सांगितली. बऱ्याच वेळानं नाडी भरत आली, तेव्हा मीही श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेलो. ती छताकडे बघत होती.

"गाठच हुती न्हवं?"

"व्हय आक्का. कुणी सांगितलं?"

"मोठ्या डाक्टरनीच की. बाळ कसलं, म्हणाले."

मी सर्जनना जाऊन सांगितलं. माणूस कडक होता. ऐकून उठले, थेट वॉर्डात गेले आणि स्टूल ओढून तिच्या खाटेजवळ बसले.

"आक्का, तसं बोलायला नको होतं मी. चुकलं माझं."

"खरंच बोललासा की. पर हात धरून सांगायचं हुतं वो."

त्यांनी तिचा हात हातात घेतला. ती पदर तोंडावर घेऊन रडली. बाहेर ओपीडी खोळंबली होती. तिचं रडून होईपर्यंत ते उठले नाहीत.

लक्ष्मीआक्का बरी होऊन नागोजीबरोबर घरी गेली. त्यानंतर आमच्या थिएटरात, भूल पुरती चढली म्हणून मी मान हलवेपर्यंत, कुणी चकार शब्द काढत नसे. भूल चढताना ऐकणं सगळ्यात शेवटी जातं, हे आम्ही सगळेच कॉलेजात शिकलो होतो. पण पेशंटनं डोळे मिटले की डॉक्टरला वाटतं, खोलीत आता आपणच आहोत.