घरधन्याचं नाव

बुरुलच्या कढईत तेल चांगलं तापलं होतं. शुक्रवारी मेलेल्यांसाठी वास सोडायचा, हे सासूनं तिला लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं होतं. मेलेली माणसं खात नाहीत, पण तळणीचा वास त्यांना पोचतो आणि तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघतो. म्हणून बुरुल दर शुक्रवारी सात रोट्या तळायची. सासऱ्याच्या नावानं, सासूच्या, आपल्या आईबापाच्या, आणि उरलेल्या ज्यांची कुणी आठवण काढत नाही त्यांच्या. नवऱ्याच्या नावानं मात्र तिनं आजवर एकही तळली नव्हती.

नवरा रशियात बांधकामावर गेला होता. आधी पैसे यायचे, फोन यायचा. मग एका हिवाळ्यात फोन लागेनासा झाला. बरोबरच्या माणसांनी सांगितलं, तो दुसऱ्या शहरात काम बघायला गेला. त्यापुढं काही नाही. तेव्हा शाळेत जाणारा पोरगा आता स्वतः बाप झाला होता. गावातल्या बाया म्हणायच्या, तिकडं एखादी पिवळ्या केसांची धरली असेल त्यानं. बुरुल म्हणायची, "धरू दे की. दोन वेळचं घातलं तिनं म्हणजे झालं." बाया हसायच्या. बुरुल हसायची नाही. तिला ते खरंच चाललं असतं.

चौथी रोटी तेलात सोडली आणि दारात शेरमात आला. हा तिचा धाकटा दीर, पन्नाशीचा, टक्कल पडलेला. बुरुल त्याला अजून 'धाकलं पोर' म्हणायची. सुनेनं सासरच्या माणसांची नावं घ्यायची नसतात. ती या घरात आली तेव्हा हा शेंबडा होता, म्हणून तिनं त्याचं हे नाव पाडलं होतं. नवऱ्याचं नावही तिच्या तोंडातून कधी निघालं नव्हतं. नवरा म्हणजे घरधनी.

"वैनी, त्या रोट्या फडक्यात बांध. उझगेनला जायचंय, मिनारापाशी."

"का रे धाकल्या पोरा? मिनार पडला का काय?"

"मिनार हाय तितंच हाय." शेरमातनं टोपी काढली, पुन्हा घातली. "त्याच्या बुडाशी दादा बसलेला दिसला. पहाटं, स्वप्नात. मांडीवर हात ठेवून बसला हुता. म्हनला, भूक लागलीय रं."

झारा कढईवर तसाच राहिला. रोटी एका अंगानं काळी पडायला लागली.

"जित्ता माणूस बी स्वप्नात येतो," बुरुल म्हणाली.

"येतो की. पण तो मागत नाय, वैनी. तुला काय सांगायचं."

सांगायची गरज नव्हतीच. जिवंत माणूस स्वप्नात आला तर हसतो, भांडतो, काहीतरी देऊन जातो. मागतात ते गेलेले. हे इथल्या पोरीबाळींनाही ठाऊक असतं.

बुरुलला रडू आलं नाही, राग आला. इतकी वर्षं ती दाराकडं तोंड करून झोपत आली, आणि हा गेला कुणाकडं?

"तुझ्याकडं आला व्हय! माझ्याकडं यायची वाट काय बंद हुती?"

"तू त्याचं पान मांडत नाईस, वैनी. कसा यील?"

बोलून गेला आणि खाली बघायला लागला. बुरुलनं करपलेली रोटी कोंबड्यांना टाकली, तिच्या जागी दुसरी तळली, राहिलेल्या तीनही तळल्या, साती रोट्या बांधल्या आणि डोक्याला चांगला रुमाल गुंडाळला.

सून गुलसिना कडेवर पोर घेऊन धावत आली. "आई, कपडे भिजवलेत तुम्ही."

"भिजू दे."

गाडीत बसताना तिनं दिराला बजावलं, "मी रोट्या वाटाया येतीय. दुसरं कायबी करायचं नाय. कळलं?"

"बरं," शेरमात म्हणाला. वाटेत जर्दाळूच्या बागा गेल्या, करादर्या नदीचं गढूळ पाणी गेलं.

उझगेनच्या टेकाडावर वारा होता. मिनार उभा, आणि पलीकडं खानांच्या कबरींच्या तीन इमारती एकमेकींना टेकून. विटांत कोरलेली फुलं उन्हात लालसर दिसत होती. आत कोण निजलंय ते तिथं आलेल्यांतल्या कुणाला धड सांगता आलं नसतं, तरी जो तो उंबऱ्याशी थांबून तळहात पसरत होता. बुरुलनं रोट्या वाटल्या. बिया विकणाऱ्या बाईला दिली, ओश शहरातून आलेल्या जोडप्याला दिली, एक तुकडा कुत्र्यालाही गेला. शेवटची घेऊन दोघं सावलीत बसलेल्या नेमत म्हाताऱ्याकडं गेली. तो तिथं कुराण म्हणायचा.

त्यानं रोटी डोळ्यांना लावली. कुराण म्हणून झाल्यावर विचारलं, "याचं पुण्य कुणाकुणाला पोचवू?"

शेरमातनं बापाचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं. मग थांबला.

"आणखी?"

"वैनी," शेरमात हळूच म्हणाला, "तू म्हनल्याबिगर मी सांगनार नाय. नको वाटत असंल तर ऊठ, जाऊ घरी. पुन्यांदा विषय काढनार नाय."

म्हातारा वाट बघत होता. "बाई, नावाशिवाय मी पोचवू कुणाला?"

"आम्ही त्यांचं नाव घेत नाय."

"नवरा?"

"व्हय."

"जिवंत असेल तर नकोच घेऊस."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. बुरुलनं मिनाराच्या बुडाकडं पाहिलं. तिथं सावलीचा एक पट्टा होता, माणूस टेकून बसेल एवढा. तिला वाटलं, रशियाहून निघून हा इथवर आला. इथवर आला आणि थांबला. इथून आपलं गाव किती लांब? पण पुढं यायचं कशाला? सात रोट्या तळतात त्या घरात, आणि त्यातली एक त्याची नाही. मी त्याला जिवंत ठेवला आणि उपाशी ठेवला.

तिनं रुमालाची गाठ सोडावी तसे ओठ सोडले.

"आसानकुल."

नाव तिला अनोळखी वाटलं. एखाद्या पोरसवद्या गड्याचं असावं तसं. म्हाताऱ्यानं ते बाकीच्या नावांत मिसळलं आणि हात वर केले. शेरमातनं केले. बुरुलचे सगळ्यात शेवटी वर गेले, आणि तोंडावरून खाली आले तेव्हा ओले होते.

परतीच्या वाटेवर शेरमात गाडी हळू चालवत होता. घर दिसायला लागलं तसं त्यानं गल्लीच्या तोंडाशीच इंजिन बंद केलं.

"तू पुढं हो, वैनी."

तिला कळलं. मेलेल्याचा भाऊ गल्लीपासून रडत ओरडत घराकडं धावतो, आणि त्याआधी बायकोनं आत बसलेलं असावं लागतं. ती एकटी चालत गेली. गुलसिनाला म्हणाली, "सतरंज्या घाल. चहाचा सामोवार पेटव, मोठा. माणसं येतील."

"कसली माणसं, आई?"

बुरुलनं सांगितलं. सुनेनं पोराला घट्ट धरलं.

मग बुरुल आतल्या खोलीत गेली आणि दाराकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसली. इथल्या विधवा नवऱ्याचा शोक गायला बसतात तशी. शोक गायचा तर आवाज लागतो, आणि आपला निघेल का नाही याची तिला शंका होती.

बाहेर गल्लीच्या टोकाला पन्नाशीचा टकला शेरमात कमरेत वाकला आणि घराकडं धावत ओरडला, "दादा रं! माझ्या दादा!" शेजारची फाटकं एकामागून एक उघडली.

भिंतीपुढं बुरुलचा आवाज निघाला.