रुख्माबाई छाप तांदूळ

गोंदियात ट्रेडमार्कची वकील म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे फॉर्म भरून देता का?" अल्का रामटेके सतरा वर्षं एकच उत्तर देतात, "नाही, भांडून देते." ताईंचा स्वभाव तिखट आहे आणि तो तसाच असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नागपूरच्या मोठ्या ऑफिसात त्यांना नुसते कागद लावायला बसवलं, तेव्हा राजीनामा तोंडावर टाकून त्या इथं परतल्या आणि खताच्या दुकानावरच्या खोलीला आपली पाटी लावली.

दर सोमवारी सरकारी ट्रेडमार्क जर्नल निघतं. कोणी कुठल्या नावावर हक्क मागितलाय ते त्यात छापतात आणि हरकत घ्यायला चार महिने देतात. अशाच एका सोमवारी ताईंना त्यात 'रुख्माबाई तांदूळ' दिसलं. अर्ज नागपूरच्या एका कंपनीचा. ताईंचं डोकंच फिरलं. कारण खरी रुख्माबाई सौंदडला राहते, साठी ओलांडलेली. पंधरा वर्षं छोट्या गिरणीवर तांदूळ काढून स्वतःच्या नावाच्या पिशव्यांत विकते. कंपनीला ते नाव मिळालं असतं तर तिलाच ते छापायची चोरी झाली असती.

ताईंनी तिच्या वतीनं हरकत घेतली, पण पुरावा कुठून आणणार? रुख्माबाईने बिल कधी फाडलंच नव्हतं. मग ताई सौंदडच्या घराघरांत शिरल्या. रिकामी पिशवी आमच्याकडे कोणी फेकत नाही. अंजना नावाच्या बाईच्या न्हाणीला अशा चार पिशव्या शिवून पडदा लावला होता आणि त्यावर पॅकिंगचं साल ठळक होतं, २०१२. कंपनी निघालीच २०१९ला.

"पडदा कायले नेता? मंग आमी आंग कसं धुवाचं?" अंजना अडून बसली. ताईंनी ऑफिसच्या खिडकीचा पडदा आणून लावून दिला, तेव्हा कुठं ती ऐकली.

पुरावा दाखल होताच कंपनीच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, ये केस छोड दो, हमारा सारा काम आपका." चाळिशी उलटलेल्या, फुटकळ कामांवर ऑफिस चालवणाऱ्या वकिलाला हा मोह साधा नव्हता.

"वकील आप बदल लो," ताई म्हणाल्या, "मैं पक्ष नहीं बदलती."

सुनावणी लॅपटॉपवर होती. अशिलाला बोलवायची गरज नसते, पण ताईंनी मुद्दाम रुख्माबाईला शेजारी बसवलं. कंपनीचा मुंबईचा वकील पुराव्याचा फोटो बघून हसला, "न्हाणीघरातला पडदा?"

"हो," ताई म्हणाल्या. "तुमच्या कंपनीच्या जन्माआधीपासूनचा."

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी कंपनीच्या वकिलाला विचारलं, हेच नाव का घेतलं? तो म्हणाला, गावाकडचं जुनं नाव आहे, ग्राहकाला घरच्यासारखं वाटतं; अशा नावावर कोण्या एकीचा हक्क कसा असेल?

ताईंनी लॅपटॉप वळवला. रुख्माबाई कॅमेऱ्याच्या इतकी जवळ सरकली की स्क्रीनवर तिचं कपाळच दिसू लागलं.

"मी हे बसून आहो," ती म्हणाली. "तुमची रुख्माबाई कोन होये? आना तिले समोर."