तुपाचा उतारा

माझी हौसाआत्या तोंडाने तिखट होती आणि हाताने चिकट. हे मी तिच्या माघारी बोलत नाही, तिच्या तोंडावरही बोलायचो. त्यावर ती म्हणायची, "चिकट हाय म्हनून घर चिकटून राह्यलंय, नायतर कवाच फुटलं असतं." आणि वर माझ्या शहापूरच्या नोकरीचा, माझ्या घट्ट पँटचा आणि माझ्या बायकोच्या आळशीपणाचा उद्धार करून घ्यायची.

आत्या मूळची शहापूरकडची. दिली मुरबाड तालुक्यात, धसईच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वाडीत. नवरा कोंडू, आम्हा भाच्यांचे कोंडूमामा, बोलायला अगदी कमी. दोघांचं मिळून बोलणं एकटी आत्याच करायची. दारात एक म्हैस होती आणि त्या म्हशीचं तूप ती चिनी मातीच्या बरणीत साठवायची. त्या बरणीला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे जायचो, तेव्हा ती चमच्याच्या टोकावरून माझ्या भातावर एवढंसं तूप सोडायची की भातालाही पत्ता लागू नये. मी रुसायचो. तिच्या स्वतःच्या भातावर तेवढंही नसायचं, हे मात्र मी तेव्हा बघितलं नाही.

यंदा बरणी काठोकाठ भरली होती, कारण सून प्रियांका पोटुशी होती. तूप बाळंतिणीचं. ओमकारने, म्हणजे आत्याच्या मुलाने, एकदा पोळीवर मागितलं तर त्याला तिने भरल्या ताटावरून उठवलं होतं.

भात कापून झाला की वाडीतले लोक भेंडी लावतात. भेंडी आली की कीड येते आणि कीड आली की औषध. आमच्याकडे औषध म्हणजे सगळंच. खोकल्यावर घेतात ते औषध आणि भेंडीवर मारतात तेही औषध. दुसरा शब्द कुणाला सुचला नाही, आणि सुचला तरी वापरला नसता. पुस्तकात 'कीटकनाशक' असतं, ते पुस्तकातच राहिलं. मोठा डबा घ्यायचा, तीनचार घरांत वाटून घ्यायचा आणि घरात जी रिकामी बाटली असेल तिच्यात भरायचा, अशी तिथली रीत आहे. कोंडूमामांच्या घरात तेव्हा आत्याच्या खोकल्याची बाटली रिकामी झाली होती.

मामांनी ती धुतली, भरली आणि खाली ठेवली तर कोंबड्या लवंडतील म्हणून खिडकीत उंच ठेवली. चांगलं काळजीपूर्वक केलं सगळं. सकाळी शेतावर निघताना आत्याला सांगूनही गेले, "खिडकीत औषध ठेवलंय गो."

त्यांना म्हणायचं होतं, जपून. आत्याला वाटलं, हा माणूस काल धसईच्या बाजारात गेला होता, तिथून न सांगता माझं खोकल्याचं औषध घेऊन आला. प्रियांका सांगते, आत्या त्या सकाळी खूश होती. सुनेला म्हणाली, "तुज्या सासऱ्याला माजा खोकला आयकू येतो मंजे." इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपणहून काही आणलं याचं तिला कौतुक वाटलं. मला सगळ्यात जास्त हेच सलतं.

दुपारी खोकल्याची उबळ आली. तिने बाटली काढली, झाकण उघडलं, दोन घोट घेतले. वास आला असणारच. पण खोकल्याच्या औषधाला कुठे कधी चांगला वास असतो? मामा जेवायला घरी आले तेव्हा ती ओटीवर बसून पदराने तोंड पुसत होती.

"अवो, कसलं औषध आनलंत? घसा जळला माजा."

"कंचं औषध? मी नाय आनलं."

"खिडकीतलं."

मामांच्या हातातली घागर खाली पडली. त्या घागरीला पडलेला पोचा मी पाहिला आहे.

या क्षणी आत्या बोलत होती, बसली होती. वाडीत जीप होती, रस्ता होता. बाटली सोबत घेऊन तिला तशीच गाडीत घातलं असतं तर काय झालं असतं, ते मी रोज मनात करून बघतो. पण आरडाओरडा ऐकून शेजारची बाईजा धावत आली. बाईजा म्हणजे वाडीतली जाणती बाई. बाळंतपणं, सापाचं, नजरेचं, सगळं तिच्याकडे. ती म्हणाली, "तूप पाजा. तुपानं इख मरतं. आतडीला तुपाचा लेप बसला की इख चिकटत नाय." हा उतारा वाडीत सगळ्यांना माहीत आहे. बाईजा आली नसती तर दुसऱ्या कुणीतरी सांगितला असता.

बरणी काढली, तूप पातळ केलं. मामांनी आत्याचं डोकं मांडीवर घेतलं, एका हाताने जबडा धरला आणि दुसऱ्या हाताने वाटी लावली. आत्या मान हलवत होती. "सुनंचं हाय ते," म्हणत होती. दुसऱ्या वाटीला म्हणाली, "निम्मं तरी ठेवा." तिसऱ्या वाटीला काही म्हणाली नाही. आयुष्यभर जिने स्वतःच्या भातावर तूप घेतलं नाही, तिला त्या दुपारी सगळी बरणी पाजली. मग जीप बोलावली. बाईजाही सोबत बसली.

वाटेत तिचं अंग थरथरू लागलं. मुरबाडवरून तिला पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं. मी शहापूरहून मोटरसायकल मारत पोचलो तेव्हा तिला झटके येत होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, घरी काही दिलं का? बाईजा पुढे होऊन म्हणाली, "तूप पाजलं बाई, बरनीभर." तिच्या आवाजात अभिमान होता. डॉक्टरीणबाईंनी खालचा ओठ दाताखाली धरला आणि आत गेल्या.

संध्याकाळी त्यांनी मामांना आणि मला बाकावर बसवून समजावलं. आतड्याला आतून अस्तर असतं, म्हणाल्या, मखमलीच्या कापडासारखं, लवलवतं. ते असतं एकाच पेशीच्या जाडीचं. अलीकडे आपण गिळलेलं सगळं, पलीकडे रक्त. जे पाण्यात विरघळतं त्याला पलीकडे जायला बहुतेक वेळा ठरलेली दारं शोधावी लागतात. पण त्या पेशीची भिंतच मुळी स्निग्ध असते. त्यामुळे तेला-तुपात विरघळणारी वस्तू दार शोधत नाही, सरळ भिंतीतून जाते. आणि तूप पोटात आलं की शरीर पित्त सोडतं, तुपाचे बारीक कण करतं आणि ते अस्तरापर्यंत नेऊन पोचवतं. तुमच्या बाटलीतलं औषध तुपात विरघळणारं होतं. ते त्या कणांत बसून गेलं. लेप बसलाच नाही. अस्तर काही ओळखत नाही हो, म्हणाल्या, समोर आलेलं घेतं.

मामांनी विचारलं, "मंजे तूप नसतं पाजलं तर?"

"ते सांगता येत नाही काका. दोन घोटही पुष्कळ होते. पण काही भाग तसाच बाहेर पडला असता, काही हळूहळू गेला असता. आम्हाला वेळ मिळाला असता."

वाईट वाटेल असं बोलायचं नव्हतं त्यांना. पण 'वेळ' हा शब्द ऐकून मामांनी दोन्ही हातांचे तळवे पँटला पुसले आणि पुसतच राहिले.

आत्या दोन दिवसांनी गेली. शुद्धीवर आलीच नाही, त्यामुळे मामांना तिच्याशी काही बोलता आलं नाही. तसे ते कधी बोललेच नव्हते.

बाराव्याला वाडी जमली. जेवणं उरकल्यावर बायका ओटीवर बसल्या आणि बोलणं तुपावर आलं. एक म्हणाली, तूप कमी पडलं. दुसरी म्हणाली, रोज खाणारी बाई असती तर आतड्यात मुरलेलं असतं, हौसाने कधी खाल्लंच नाही, त्याला कोण काय करणार. म्हणजे चूक झाली ती मेलेल्या बाईच्या कंजूषपणाची. मी उठलो, सगळं सांगितलं, अस्तर, पित्त, कण, जसं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं. माझा आवाज चढला होता. बायका माना डोलवत ऐकत होत्या, कीर्तनात डोलवतात तशा. शिकलेला भाचा, आत्यावर जीव होता त्याचा, बोलू द्या.

मग मामा बोलले. इतक्या माणसांत मी त्यांना बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"तो खरं सांगतोय. तूप कमी नाय पडलं. मी पाजलं तेच इख घेऊन तिच्या अंगात गेलं. ती नको म्हनत होती. मी जबडा धरला तिचा."

प्रियांका आतून दारात येऊन उभी राहिली. क्षणभर मला खरंच वाटलं की पोचलं, यांच्यापर्यंत पोचलं.

बाईजा उठली, मामांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"तुजा काय दोष रं कोंडू," ती म्हणाली. "म्हशीचं तूप पडलं ना ते, जड. फुडल्या खेपेला गाईचं देऊ."