कमी सांगितलं की मंजूर होत न्हाई

दूध सोसायटीचे सचिव अर्जुनराव धारूरच्या अख्ख्या टापूत एका कलेसाठी नावाजलेले होते. सरकारी माणसाला काय दाखवायचं, ते त्यांनाच कळावं. दुष्काळाची पाहणी आली की पथकासमोर सगळ्यात रोडकी म्हैस उभी राहायची, मग ती शेजाऱ्याची का असेना. अर्जुनराव उपरण्याला डोळे पुसायचे, अन् साहेब बिचारे मान हलवत परत जायचे. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "सेक्रेटरीचा नळ सरकारी गाडी दिसली की सुटतो!"

त्या वर्षी जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, सोसायटीला कुलूप लागलं. त्यातच त्यांची लेक शिवकन्या नववीत दुसऱ्यांदा नापास झाली. पोरगी बोलायला चुणचुणीत, पण पुस्तक उघडलं की नजर खिडकीबाहेर. टँकरवर पाण्याला पाठवावी, तर घागर तिथंच विसरून हात हलवत घरी यायची. अर्जुनरावांचे थोरले भाऊ धोंडीराम, घरात शब्द त्यांचा. ते म्हणाले, "वडवणीचं स्थळ चालून आलंय. उरकून टाक."

गावच्या आशा कार्यकर्त्या रतनबाईनं मात्र अर्जुनरावांना गाठलं. "भावजी, लक्ष न लागायचा बी आजार असतोय. बीडला तपासणी करत्यात. डॉक्टरनं लिहून दिलं तर औषध मिळतं, परीक्षेला जादा वेळ मिळतो." अर्जुनरावांनी भावाचे पाय धरले. आजार निघाला तर पोरगी शिकणार, नाही तर धोंडीराम म्हणतील तसं, असं ठरलं.

बीडच्या डॉक्टरीणबाईंकडं दुसऱ्या खेपेला गेल्या गेल्या अर्जुनराव आजार दाखवणारं मशीन शोधायला लागले.

"ह्याला मशीन नसतं," बाई हसल्या. "हे रक्तात सापडत नाही, फोटोतही दिसत नाही. कान, डोळे, रक्त, झोप हे आपण मागच्या वेळी तपासलं, ते दुसरं काही नाही ना हे बघायला. आता घरचे काय सांगतात, शाळा काय सांगते, अन् ती स्वतः काय सांगते, त्यावर ठरतं."

शिवकन्या खरं बोलली. "ओळीच्या शेवटाला पोचले की सुरवात निसटती, मॅडम. पुन्हा वाचते, पुन्हा निसटती. सर म्हणतात, माजलीस."

बाईंनी अर्जुनरावांकडं मोहरा वळवला. "वस्तू हरवते?"

"नेहमी."

"हाक मारली तरी लक्ष नसतं?"

"नेहमी, साहेब."

"एका जागी बसतच नाही?"

"नेहमी!"

"तासन्‌तास एकाच जागी बसून राहते?"

"ते बी नेहमी!" अन् उपरणं डोळ्याला गेलंच.

शिवकन्या कुजबुजली, "आबा, खरं सांगा की."

"गप बस. कमी सांगितलं की मंजूर होत न्हाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि शाळेनं भरून पाठवलेला तसाच प्रश्नांचा कागद उघडला. मुख्याध्यापक विरुपाक्ष सर म्हणजे अर्जुनरावांचीच उलटी बाजू. वरून काही विचारणा आली की शाळेवर बालंट येणार, हे त्यांनी गृहीतच धरलेलं. त्यांनी सगळ्या प्रश्नांपुढं 'कधीच नाही' लिहून खाली गोल शिक्का हाणला होता.

"घर म्हणतं सगळंच बिघडलंय, शाळा म्हणते काहीच नाही," बाई म्हणाल्या. "हे दोन्हीकडं दिसावं लागतं, तेही लहानपणापासून. मुलीचं मला पटतंय, पण नुसत्या तेवढ्यावर लिहून देता येत नाही. शाळेकडून खरं लिहून आणा, अन् तुम्हीही खरं सांगा."

"शाळेला सुट्ट्या लागल्या, बाई. सर गावाला गेले."

"मग जूनमध्ये या."

आता मात्र अर्जुनराव खरोखर रडले. पोरीची हकीकत पहिल्यापासून, जशी होती तशी सांगायला लागले. बाईंनी ऐकून घेतलं, पाणी दिलं. पण मघाचं रडणं अन् आताचं रडणं, परक्या माणसानं वेगळं करायचं कसं?

परतीच्या वाटेवर, मांजरसुंब्याच्या फाट्यावर अर्जुनरावांचा फोन वाजला.

"काय लिहून दिलं?" धोंडीराम.

"जूनमधी बोलावलंय, दादा."

"जूनमधी ती हितं असणार हाय का? रविवारी वडवणीचे पाव्हणे येतेत. तिला उन्हात फिरवू नको." फोन बंद.

शिवकन्या ढाब्याच्या बाकावर पाय हलवत बसली होती. "आबा, जूनला म्या सगळं नीट सांगते त्यांना. तुमी नुसतं बसा. जायचं ना?"

अर्जुनरावांनी रस्त्याकडं बघितलं. "ऊठ, बस आली," ते म्हणाले.

रस्त्यावर कुठलीच बस नव्हती.