दुखानच्या वाटेवर मोडलेला गिअर

हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी सकाळी मी आणि बायको सायकलींवरून दुखानच्या डोंगराकडे निघालो होतो. बहरीनमधला हा सगळ्यात उंच डोंगर. आपल्याकडे त्याला टेकडीच म्हणतील, पण सलमाबादच्या गोदामात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या मला तोही पुरेसा होता. बायकोचं तसं नाही. तिचं माहेर महाडचं. वडिलांचं सायकलचं दुकान, त्यामुळे शाळेत असल्यापासून तिचे हात ग्रीसने काळे. कॉलेजात गेल्यावर ती सुट्टीच्या दिवशी रायगडाच्या आसपासचे कडे चढत हिंडायची. हे सगळं मी फक्त ऐकलं होतं.

डोंगर समोर दिसायला लागला आणि माझी सायकल खडीवर घसरली. मला थोडं खरचटलं, पण मागचा गिअर चाकाच्या तारांत अडकून मोडला. चेन लोंबायला लागली.

“खलास! टॅक्सी बोलावतो,” मी म्हणालो.

“अहो, आधी बघू तर द्या.”

तिने सायकल उलटी करून मोडलेला भाग सोडवला. तेवढ्यात एक पिकअप थांबली. त्यातल्या म्हाताऱ्या बहरीनी गृहस्थांनी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, “गाडी में रखेगा?”

“नहीं चाचा, शुक्रन. अभी हो जाएगा,” बायकोने आभार मानत सांगितलं.

चाचा जायचं सोडून बघतच उभे राहिले. आपल्या पिशवीतल्या छोट्याशा हत्याराने चेनची पिन ढकलून तिने जास्तीच्या कड्या काढल्या. उरलेली चेन मागच्या चाकाच्या मधल्या दातेरी चक्रावर चढवली, टोकं जोडली आणि पेडल फिरवलं. चाक गरगर फिरू लागलं.

“आता गिअर बदलता येणार नाही, पण घरापर्यंत सहज जाल.”

“माशाल्ला!” चाचांनी गाडीतून चार संत्री काढून तिच्या हातावर ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला असं काम करताना कधी पाहिलंच नव्हतं.

मला वाटलं, आता परत फिरायचं. ती मात्र डोंगराकडेच निघाली आणि पायथ्याशी पोचून तिने सायकलींना कुलूप लावलं.

वर जाताना ती रस्ता सोडून खडकांतून चढली, मी तिच्या मागे. मध्यावर माझ्या पायाखालचा दगड निसटून गडगडत खाली गेला. मी खडकाला घट्ट चिकटलो. वर जाववेना, खाली बघवेना.

“मला नाही जमणार,” मी ओरडलो.

ती हसली नाही. शांतपणे खाली येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. “एका वेळी एकच हात नाहीतर एकच पाय हलवायचा. बाकीचे तीन घट्ट. दगड आधी चाचपा, मग त्यावर भार टाका.” माझा घोटा धरून तिने पाऊल एका खाचेत नेऊन ठेवलं. “आता उठा.”

मी उठलो. तसाच, एकेक दगड चाचपत, माथ्यावर पोचलो. खाली तेलाच्या पाइपलाइनी पसरल्या होत्या, पलीकडे धुरकट समुद्र. वाऱ्याने तिची ओढणी उडत होती. तिचा चेहरा इतका उजळलेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

“दर शुक्रवारी येऊ या?” मीच विचारलं.

“तुमचे पाय आधी थरथरायचे थांबू देत,” ती म्हणाली.

ही गोष्ट मी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगितली. आता शुक्रवारी सकाळी पार्किंगमध्ये शेजारच्या तिघी बायका सायकली उलट्या करून तिच्याकडून पंक्चर काढायला शिकतात. त्यातली एक गेल्या आठवड्यात आमच्याबरोबर दुखानवरही आली, आणि माझ्या आधी वर पोचली.